डिंडोलीची घरपट्टी आणि आपल्या खाजनाचा बांध

(शेतकरी व मच्छीमार बंधू-भगिनींच्या सभेत झालेले भाषण. ज्यांना सभेस येता आले नाही अशा वाचकांसाठी येथे देत आहोत.)



सुरत म्हटले की आपल्याला शिवछत्रपती आठवतात. १६६४ आणि १६७० ही साले शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. परंतु आजच्या सुरतेत मराठी माणूस कुठे राहतो असे विचारले, तर आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. तो डिंडोलीत राहतो. लिंबायत, नवागाम, उधना, पांडेसरा या बाजूला राहतो. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून, तापीच्या खोऱ्यातून धावणाऱ्या रेल्वेने तो सुरतेला उतरला. यंत्रमागावर उभा राहिला, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत राबला आणि पोटाला चिमटा घेऊन त्याने एक-दोन खोल्या केल्या. बाहेर गुजराती पाटी, आत मराठी बोलणे, असे ते घर असते.

मी डिंडोलीला जाऊन आलो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या गृहस्थांनी आयुष्य लूमवर काढले आहे. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी एक पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. पिशवीत इतक्या वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या होत्या. तिकडे घरपट्टीच्या बिलाला वेराबिल म्हणतात. मी विचारले, "या जुन्या पावत्या कशाला सांभाळता?" ते म्हणाले, "भाऊ, पावती हातात असली की ऑफिसात आपण बोलतो आणि समोरचा ऐकतो. पावती नसली की तो विचारतो, तू कुठून आलास?"

बंधूंनो, या एका वाक्यासाठी मी आज तुमच्यापुढे उभा आहे. आपण विलीनीकरणवादी माणसे. भाषा, इतिहास, नातीगोती यांवर आपण पुष्कळ बोललो. परंतु गावाचा पैसा कुठून येतो, तो कोण ठरवतो आणि त्याचा हिशेब कोणाला मागायचा, यावर आपण फारसे बोललो नाही. मला वाटते, ती आपली चूक झाली. ती कशी, हे शेवटी सांगतो. आधी डिंडोलीचे ऐका.

डिंडोली हे सुरतेच्या कडेचे, चोऱ्यासी तालुक्यातले गाव. आजूबाजूला शेती होती. शहर वाढत वाढत गावाच्या वेशीपाशी आले. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द वाढवण्यात आली. ८ नगरपालिका आणि २७ ग्रामपंचायती एका फटक्यात शहरात आल्या. शहराचे क्षेत्र सुमारे ११२ चौरस किलोमीटर होते, ते सुमारे ३२६ झाले. म्हणजे जवळजवळ तिप्पट! डिंडोली त्याच वेळी सुरतेची झाली. काल जो माणूस सरपंचाच्या दारात जात होता, तो आज झोनच्या ऑफिसात रांगेत उभा राहू लागला. पुढे २०२० साली हद्द पुन्हा वाढली आणि आणखी गावे आत आली.

आता हे पाहा, की हद्द वाढवणे सोपे असते. सरकारने अधिसूचना काढली की झाले. परंतु त्या तिप्पट जागेत पाण्याचे नळ, गटारे, रस्ते, दिवे, शाळा, दवाखाना हे सारे न्यायचे, तर पैसा कुठून आणायचा? आणि ते नेले नाही तर काय होते, हे सुरतेने १९९४ साली पाहिले होते. त्या सप्टेंबरात प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. खानदेशचा माणूसही मिळेल त्या गाडीने गावाकडे धावला. पुढच्या वर्षापासून महापालिकेने कंबर कसून शहर स्वच्छ केले आणि त्यासाठी सुरतेचे नाव झाले. रोगाला शहराची हद्द दिसत नाही. हद्दीबाहेरच्या वस्तीत साचलेले पाणी हद्दीच्या आतल्या माणसालाही बाधते. तेव्हा गावे आत घेणे भाग होते, असेही म्हणता येईल.

परंतु वेळ पाहा कशी आली. २००६ साली गावे आत आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. पुराचा चिखल उपसून होतो न होतो, तोच २००७ च्या नोव्हेंबरात गुजरात सरकारने महापालिकांची जकात बंद केली. दीड वर्षाच्या आत तीन घाव! खर्च तिप्पट जागेचा, नुकसान पुराचे, आणि उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा बंद.

जकात म्हणजे काय, हे जुन्या लोकांना सांगायला नको. शहराच्या नाक्यावर माल आला की त्यावर कर भरायचा. मी जकातीचे गोडवे गात नाही. नाक्यावर ट्रक तासन्‌तास तटत, हात ओले केल्याशिवाय कागद हलत नसे. पण तिच्यात एक गोष्ट होती. तो पैसा शहराचा स्वतःचा होता आणि रोजच्या रोज येत होता. व्यापार वाढला की जकात वाढे, कोणाच्या सहीसाठी थांबावे लागत नसे. जकात गेली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकार अनुदान देऊ लागले. म्हणजे जो पैसा नाक्यावर हक्काने मिळत होता, तो आता गांधीनगरहून यायचा झाला. किती यायचा, केव्हा यायचा, हे गांधीनगर ठरवणार.

पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीही असेच काहीसे झाले होते. १८४४ साली कंपनी सरकारने काही जुने कर उठवले आणि त्यांची भर काढण्यासाठी मिठावरचा कर मणाला ८ आण्यांवरून १ रुपया केला. सुरतेचे लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली आणि सरकारला दर खाली आणावा लागला. मिठाची किंमत मच्छीमाराला सांगायला नको. खारवायला मीठ नाही तर पकड कुजून जाते. एक कर जातो तेव्हा तो कुठल्या तरी दुसऱ्या दाराने परत येतो. कोणत्या दाराने, आणि ते दार कोणाच्या घराचे, एवढेच आपण पाहायचे असते.

सुरतेत तो घरपट्टीच्या दाराने आला. पूर्वी घरपट्टी घराला किती भाडे येईल या अंदाजावर बसवत. हा अंदाज करणारा कारकून असे आणि त्यात घोळ फार. एकाच गल्लीत सारख्याच दोन घरांना वेगवेगळा कर! जकात गेली त्याच सुमारास गुजरातेत नवी पद्धत आली. घराचे आतले क्षेत्र मोजायचे आणि त्यावर दर लावायचा. वस्ती कोणत्या प्रकारची, घर किती जुने, त्यात राहणे आहे की दुकान, मालक स्वतः राहतो की भाडेकरू, यावरून तो दर कमी-जास्त होतो. याशिवाय पाणी, गटार, सफाई यांचे आकार आणि शिक्षण उपकर. हे सारे मिळून ते वेराबिल.

ही पद्धत जुन्या पद्धतीहून बरी, कारण माणूस स्वतः गज घेऊन मोजू शकतो आणि बिल चुकले असेल तर भांडू शकतो. परंतु एक खोच ध्यानात घ्या. भाडेकरू राहत असेल तर कर जास्त लागतो. डिंडोलीत, लिंबायतला कामगार भाड्याच्या खोलीत राहतो. बिल मालकाच्या नावाने येते आणि भाडे वाढवून ते भाडेकरूच्या खिशातून जाते. म्हणजे कर भरतो तो, पण पावती त्याच्या नावाची नाही. मघाशी सांगितलेल्या गृहस्थांना पावतीची किंमत का वाटते, हे आता तुमच्या लक्षात येईल.

शेतकऱ्यांचे काय झाले, तेही तुम्ही विचाराल. गुजरातेत नगररचनेच्या योजना करतात, टी. पी. स्कीम म्हणतात त्यांना. मुंबई इलाख्यात १९१५ पासून असा कायदा होता. गुजरातेत आज १९७६ चा कायदा चालतो. यात जमीन विकत घेत नाहीत. एका भागातल्या सगळ्या शेतांचा एकत्र नकाशा करतात, प्रत्येकाच्या जमिनीतून रस्ते, शाळा, बागा आणि विक्रीच्या भूखंडांसाठी वाटा काढतात, आणि उरलेली जमीन नव्या चौकोनी प्लॉटच्या रूपाने परत देतात. डिंडोलीच्या नावानेही अशा स्कीमा झाल्या आहेत. जमीन घटते, पण तिचा भाव वाढतो. ज्याची जमीन होती तो तगला. ज्याच्या नावावर काही नव्हते, जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, त्याला प्लॉट कुठला?

आता अंदाजपत्रकाकडे वळू. हा विषय रुक्ष वाटेल, पण खरी मेख येथेच आहे.

महाराष्ट्रातल्या आणि गुजरातेतल्या महापालिका मुळात एकाच कायद्याच्या लेकी. १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा. १९६० साली दोन राज्ये झाली, कायद्याची नावे पुढे बदलली, पण सांगाडा तोच राहिला. त्या कायद्याप्रमाणे आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतो, समिती त्यात फेरफार करते आणि मग ते सभागृहापुढे जाते. आणि पुढच्या वर्षी कोणता कर कोणत्या दराने घ्यायचा, हे २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागते. २० फेब्रुवारी ही तारीख ध्यानात ठेवा. राज्य सरकारचे अंदाजपत्रक केव्हा येते? फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये. म्हणजे शहराने आपल्या घरपट्टीचा दर ठरवायचा आधी, आणि राज्याकडून किती मिळणार ते कळायचे नंतर!

होडी समुद्रात घालायची आणि हवा कशी असेल ते दुपारी कळायचे, असा हा प्रकार. मग आयुक्त काय करतो? अंदाज बांधतो. गेल्या वर्षी इतके अनुदान आले होते, यंदा इतके येईल. अंदाज मोठा धरला तर घरपट्टी वाढवावी लागत नाही, नगरसेवक खूश, लोक खूश. निवडणुकीचे वर्ष असेल तर अंदाज आणखी फुगतो. पुढे अनुदान कमी आले की काय होते? घरपट्टीचा दर वर्षाच्या मध्ये सहसा कोणी वाढवत नाही. मग कामे थांबतात. आणि कामे थांबतात ती कुठे? शहराच्या मध्यावर नव्हे. ती थांबतात शेवटी आत आलेल्या गावात, कडेच्या वस्तीत. ठेकेदाराचे बिल अडकते, खणलेला रस्ता तसाच राहतो, नळाची पाइपलाइन वळणापर्यंत येऊन थांबते.

यावर सुरतेने काय केले, तेही सांगितले पाहिजे, कारण त्यात शिकण्यासारखे आहे. केंद्राच्या आणि राज्याच्या योजनांचा पैसा तर तिने घेतलाच, पण त्यावरच विसंबून राहिली नाही. घरे मोजून घरपट्टी नव्याने बसवली. शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते पांडेसऱ्याच्या गिरण्यांना विकायला काढले. बमरोली येथे २०१४ साली दररोज ४ कोटी लिटरचा असा प्रकल्प सुरू झाला. जे घाण म्हणून खाडीत सोडायचे, त्याचे पैसे झाले. २०१९ साली महापालिकेने कर्जरोखे काढून बाजारातून २०० कोटी रुपये उभे केले. शहराच्या स्वतःच्या कमाईचा भरवसा असल्याशिवाय सावकार दारात उभा करत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी याही चालवते. डिंडोली काही महाराष्ट्रात नाही. तिथे विलीनीकरणाचा प्रश्नही नाही. तरी मराठी मुलाला मराठीत पाटी मिळते, ती कशाने? मायेने नव्हे. तिथल्या मराठी माणसाचे मत मोजले जाते आणि त्याची पावती मोजली जाते, म्हणून.

आता कोणी म्हणेल, हे गुजरातेतले झाले. महाराष्ट्रात काय? मी विलीनीकरणवादी असलो तरी खोटे बोलणार नाही. महाराष्ट्रातही हीच गत आहे. तिथे बहुतेक शहरांतली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. २०१५ साली तोही बहुतांश उठला. मुंबईची जकात तेवढी उरली होती, ती १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर गेली. तिच्या भरपाईचा पहिला हप्ता ६४७ कोटी ३४ लाख रुपयांचा होता, आणि तो एका महिन्याचा. एवढी बलाढ्य मुंबई, पण तीही आता महिन्याच्या हप्त्याकडे डोळे लावून बसते. मुंबईने निदान कायद्यात लिहून घेतले, की भरपाई दरसाल ८ टक्क्यांनी वाढत जाईल. लिहून घेतले म्हणून मागता येते.

आणखी एक. २०२२ पासून महाराष्ट्रातल्या कित्येक महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. कारभार प्रशासकांकडे गेला. वित्त आयोगाची अट अशी की अनुदान हवे तर लोकांनी निवडलेली संस्था हवी. निवडणूक नाही म्हणून केंद्राचा पैसा अडकला. लोकांचा प्रतिनिधीही नाही आणि पैसाही नाही! हे आपल्या आवडत्या महाराष्ट्रात झाले. आवडत्या माणसाच्या चुका आधी आपणच सांगाव्यात, म्हणजे दुसऱ्याला उकरून काढाव्या लागत नाहीत.

आता आपल्या घरी येऊ.

आपल्या पंचायतीचे उत्पन्न कुठून येते? घरपट्टी, बांधकामाच्या परवान्याचे शुल्क, व्यवसायांचे कर, बाजाराचा सोपो. बाकीचे पणजीहून आणि दिल्लीहून येणारे अनुदान. पणजीचा पैसा तरी स्थिर आहे का? २०१२ साली खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि त्या पुन्हा थांबल्या. २०२० साली कोविड आला, पर्यटक गेला. जीएसटीपायी राज्यांना केंद्राकडून जी भरपाई मिळत होती, तिची मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. केंद्राने हात आखडला की राज्य आखडते, राज्याने आखडला की पंचायत आखडते, आणि शेवटी तुमच्या वाड्यावरचा दिवा विझतो. वरून खाली येईपर्यंत पाण्याची धार बारीक होत जाते, तशातला प्रकार.

दिल्लीचा पैसाही मोकळा येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत देशभरच्या स्थानिक संस्थांसाठी ४ लाख ३६ हजार ३६१ कोटी रुपये ठरवले. आकडा ऐकून छाती दडपते. पण अटी ऐका. हिशेब लोकांना पाहता येईल असा मांडला पाहिजे. ग्रामपंचायतीच्या अनुदानातला मोठा वाटा पाणी आणि सफाई यांवरच खर्चायचा. शहरांना अट अशी की घरपट्टीचा किमान दर राज्याने ठरवून दिला पाहिजे आणि वसुली वर्षागणिक वाढली पाहिजे. राज्याने आपला वित्त आयोग नेमून त्याच्या शिफारशींवर काय केले ते विधानसभेपुढे ठेवले पाहिजे, नाही तर मार्च २०२४ नंतर पैसा बंद. म्हणजे दिल्लीसुद्धा आता हेच म्हणते, की तू स्वतः काय गोळा केलेस ते दाखव.

तुम्ही म्हणाल, "हा मनुष्य आमची घरपट्टी वाढवायला आला आहे काय?" नाही. मी तुम्हाला तुमच्याच बांधाची आठवण द्यायला आलो आहे.

आपली खाजन शेती कशी उभी राहिली? खाऱ्या पाण्यापासून शेत राखायला बांध घातला, बांधाला मानस बसवली. भरतीला मानस मिटते, ओहोटीला उघडते. बांध राखण्याचा खर्च कोण करी? पोर्तुगीज सरकार करत नव्हते. गावकरी करत. मानशीच्या मासळीची पावणी होई, तिच्या पैशातून बांधाची डागडुजी होई. शेत शेतकऱ्याचे, मासळी मच्छीमाराची, आणि दोघांना धरून ठेवणारा बांध सगळ्यांचा. भोक पडले की त्याच दिवशी चिखल घालून बुजवत, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत भगदाड होते.

आज काय होते? बांधाला भोक पडते. आपण अर्ज करतो. अर्ज मामलेदाराकडे, तिथून खात्याकडे जातो. अनुदान मंजूर होईपर्यंत पावसाळा येतो आणि भोकाचे भगदाड झालेले असते. शेत खारे होते, मानशीची पावणी घेणारा मात्र मासळीसाठी खारे पाणी आत राहू द्यायला राजी असतो. पूर्वीचा गावकरी श्रीमंत नव्हता आणि सगळ्यांना सारखा न्याय देणाराही नव्हता, हे मला माहीत आहे. कुळाला तिथे बोलायला जागा नव्हती, ती त्याला कायद्याने १९६४ नंतर मिळू लागली. पण बांधाचा पैसा गावात होता आणि भोक पडले की तो लगेच हाताशी होता.

घरपट्टी म्हणजे गावाच्या बांधाचा पैसा. अनुदान म्हणजे पाऊस. पाऊस हवाच. पावसावाचून शेती नाही. पण पाऊस येईल या भरवशावर कोणी बांध मोडका ठेवत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत जाल तेव्हा एवढे करा. पंचायतीचे अंदाजपत्रक मागा. त्यात तीन आकडे असतात. वर्षाच्या सुरुवातीचा अंदाज, मध्ये सुधारलेला अंदाज आणि प्रत्यक्ष आलेला पैसा. बहुतेक वेळा आपल्याला पहिलाच वाचून दाखवतात. तुम्ही तिसरा विचारा. समजावे म्हणून उदाहरण घेऊ. समजा, पंचायतीने १०० रुपये येतील असे धरले. त्यात ३० आपले आणि ७० सरकारचे. आपल्या ३० पैकी २० वसूल झाले. सरकारच्या ७० पैकी ४० आले, तेही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. आता १०० रुपयांच्या कामांचे ठराव झालेले, हातात ६०, आणि खर्चायला सात दिवस. मग गटार होते की ठेकेदाराची धावपळ? हा हिशेब सचिवाला विचारायला बी. ए. व्हावे लागत नाही.

दुसरे विचारा, की घरपट्टीची मागणी किती, वसुली किती आणि थकबाकी कोणाची? थकबाकी गरिबाच्या झोपडीची आहे की किनाऱ्यावरच्या मोठ्या बांधकामाची? जिथे पाहुणे उतरतात, खोल्या भाड्याने जातात, त्या इमारतीची नोंद राहते घर म्हणून आहे की धंद्याची जागा म्हणून? रापणीच्या होड्या ठेवायची जागा आक्रसत चालली आहे, पण तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीची घरपट्टी मच्छीमाराच्या घराएवढीच लागत असेल, तर तो अन्याय आहे. बाजारात टोपली घेऊन बसणारी बाई सोपो रोख देते, उधारी ठेवत नाही. मग मोठ्यांनी का ठेवावी? गरिबाचा दर न वाढवताही गावाचे उत्पन्न वाढवता येते, फक्त यादी खरी हवी. सुरतेने घरे मोजली, आपणही मोजू.

तिसरे, पावती आपल्या नावाची घ्या आणि जपून ठेवा. मात्र फसू नका. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. जमीन कोणाची हे पावतीने ठरत नाही. पण तुम्ही गावाच्या खर्चात वाटा उचलता आणि म्हणून हिशेब मागता, हे पावतीने ठरते.

चौथे, तुमचे गाव कोणत्याही शहराच्या किंवा नियोजनाच्या हद्दीत घ्यायचे घाटत असेल, तर आधी अटी विचारा. २०१८ साली तिसवाडीतल्या गावांनी आंदोलन करून बृहद् पणजीच्या नियोजन प्राधिकरणातून आपली नावे काढायला लावली. ते बरे झाले की वाईट, यावर मतभेद असू शकतात, पण त्यांनी विचारले हे बरे केले. हद्दीत गेल्यावर घरपट्टी किती वर्षांत किती वाढेल? तिच्यातला किती पैसा याच गावात खर्च होईल? पाण्याचा नळ कोणत्या साली येईल? खाजनाची, चराईची, होड्या ओढायची जागा कोण राखील? हे आधी लिहून घ्यायचे. मागाहून मिळते ते अनुदान, हक्क नव्हे.

आणि आता मघाशी शेवटी सांगतो म्हणालो होतो ते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाला १ लाख ३८ हजार १७० मते पडली आणि विरुद्ध १ लाख ७२ हजार १९१. चौतीस हजार मतांनी आपण हरलो. १९८७ साली गोवा घटक राज्य झाले. हे इतिहासात जमा झाले आहे आणि ते नाकारणारा मी नाही. पण का हरलो, याचा विचार करायला बंदी नाही. विरोधक गावोगाव विचारत होते, की मोठ्या राज्यात आपले कोण ऐकणार? आपण उत्तर दिले भाषेचे आणि रक्ताच्या नात्याचे. ते खरेच होते. पण प्रश्न हिशेबाचा होता आणि हिशेबाचे उत्तर आपण नीट दिले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ज्याला शंका होती तो सगळाच मराठीचा वैरी नव्हता. डिंडोलीच्या शेतकऱ्याने २००६ साली जे विचारायला हवे होते, तेच तो १९६७ साली विचारत होता.

विलीनीकरणाचा विचार आजही मनात धरणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे. मोठ्या घराशी सोयरीक करायची, तर आपल्या घरचा हिशेब चोख ठेवावा. ज्या गावाला स्वतःचे उत्पन्न नाही आणि ते मोजायची सवय नाही, ते गाव पणजीच्या दारात उभे राहिले काय आणि मुंबईच्या दारात उभे राहिले काय, उभेच राहणार. ज्या गावाजवळ आपली वही आहे, ते कुठेही गेले तरी बसायला जागा मागू शकते.

डिंडोलीहून निघताना त्या गृहस्थांनी पावत्यांची पिशवी पुन्हा खुंटीला लावली. त्यांच्या गल्लीतले गटार अजून अर्धेच झालेले आहे. त्यासाठी ते दर महिन्याला झोनच्या ऑफिसात जातात. म्हणाले, "होईल हो भाऊ. मी पैसे भरलेत."

येत्या ग्रामसभेला या. बायकांना घेऊन या, कारण सोपो त्या भरतात. येताना आपली शेवटची पावती बरोबर आणा.

जय गोमंतक! जय महाराष्ट्र!